कलमावरून पडलो त्यानंतर

हापूसच्या कलमावरून हातातल्या आंबे काढायच्या घळीसकट खाली आलो तेव्हा मी 24 वर्षांचा होतो. मज्जारज्जू दबला, कमरेखालचं सगळं गेलं. वॉर्डात आम्ही एकच विचारायचो, "चालायला कधी लागणार?" विचारायला हवं होतं ते लघवीचं आणि कातडीचं.

ते मला उशिरा कळलं. चाकांच्या खुर्चीत तासन् तास बसून राहिलो. दुखत नव्हतं, म्हणून ठीकच असणार असं धरून चाललो. एक दिवस बहिणीला चादरीवर डाग दिसला. बसून बसून बुडाला जखम झाली होती. चार महिने पालथा पडून होतो. आता दर 15-20 मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलतो, रात्री आरसा धरून कातडी बघतो. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, दर चार-सहा तासांनी, हात धुऊन. प्रवासात पाणी कमी प्यायचा मोह होतो. करू नका, इन्फेक्शन ठरलेलं. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, तर बीपी भडकलेलं असू शकतं. ताठ बसा, लघवी तुंबलीय का बघा, लगेच डॉक्टर गाठा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लवकर काढा. 2016च्या अपंग हक्क कायद्याने आपल्यासाठी सरकारी नोकरीत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आहेत, पण कागद नसेल तर काही नाही.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी परीक्षेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मित्रांनी पोत्यासारखा उचलून नेला. पुढच्या वर्षी महिनाभर आधी अर्ज दिला, तळमजला मिळाला. त्या वर्गात कुबड्या घेतलेली एक मुलगीही आली. दुसऱ्यासाठी भांडायचं तिथून सुरू झालं. आता घरूनच हिशेब लिहितो, आणि खुर्चीच्या पिशवीत टेप असतो. एका कार्यालयात 30 सेंटिमीटर उंचीला सव्वा मीटरचा रॅम्प होता. 1:12 उताराप्रमाणे, म्हणजे उंचीच्या बारापट, 3.6 मीटर लागतो. ती घसरगुंडीच! भाषण न देता साहेबांसमोर टेप अंथरला. तरी आठ महिने गेले.

नव्या पेशंटना लोक मुरलीकांत पेटकरांचं पॅरालिम्पिकमधलं, पोहण्यातलं 1972चं सुवर्णपदक सांगतात. माणूस मोठाच, पण पलंगावरून खुर्चीत कसं यायचं हे न कळणाऱ्याला पदक काय कामाचं?

परवा वॉर्डात एका पोराच्या वडिलांनी विचारलं, "चालंल ना ह्यो?" म्हटलं, ते डॉक्टर सांगतील. मग पोराच्या बुडाखाली हात घालून बघितला. गादी पार दबली होती.