घराचा प्लॅन चारचौघांना दाखवताय? या चुका टाळा

प्लॅन हातात आला की तो आधी कुणाला दाखवला जातो? जो "वा, मस्त!" म्हणणार हे ठाऊक असतं त्याला. मग त्याचा फोटो नातेवाइकांत फिरतो, सगळे अभिनंदन करतात, आणि पाया खणायला घेतल्यावर गवंडी शांतपणे विचारतो, "साहेब, एवढ्या जागेत जिना बसवायचा कसा?" प्लॅन कागदावर असेपर्यंत रेघ पुसायला खोडरबर पुरतं. कॉलम उभे राहिल्यावर तीच रेघ हलवायची तर तोडफोड करावी लागते.

म्हणून बाहेरच्या माणसाचं मत घ्यायलाच हवं. पण ते घ्यायचीही एक पद्धत आहे. घोळ होतो तो बहुतेक वेळा तिथेच, प्लॅन चांगला असो की वाईट.

अर्धाच कागद पुढे करणं

खोल्यांचे चौकोन, त्यांत "बेडरूम १२ × १०" अशी अक्षरं, आणि बस्स. असा कागद बघून कोण काय सांगणार? बघणारा रंगाबद्दल आणि बाल्कनीबद्दल बोलतो, कारण बोलण्यासारखं दुसरं काही कागदावर नसतंच.

किमान एवढं काढलेलं हवं: उत्तर दिशेचा बाण, प्लॉटच्या हद्दी आणि सोडायची मोकळी जागा, रस्ता कुठल्या बाजूला, शेजारच्या घराच्या खिडक्या कुठे, जमिनीचा उतार कुणीकडे, ठेवायची असलेली झाडं. उत्तरेचा बाण नसेल तर बेडरूमची मोठी खिडकी पश्चिमेला आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. मावळतीचं ऊन तिरपं आणि खालच्या कोनातून येतं, त्याला वरचा सज्जा अडवू शकत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, झाड किंवा खिडकीच लहान, असा काहीतरी वेगळा विचार लागतो. हे सांगणारा माणूस ओळखीत असतो, पण त्याला दिशा दिसायला हवी.

सोबत घरात कोण राहणार हेही लिहून द्या. तीन पिढ्या एकत्र राहणार असतील तर एक प्लॅन चांगला ठरेल, आणि घरूनच काम करणाऱ्या दोघांसाठी तोच वाईट.

एक ठासून सांगतो: थ्रीडी चित्रं सुरुवातीला दाखवू नका. त्यांतला कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यामुळे दहा फुटांची खोली सभागृहासारखी दिसते. बघणारा उजेडात आणि सोफ्याच्या रंगात हरवतो, दार कुठे उघडतं याकडे त्याचं लक्षच जात नाही.

"कसा वाटला?" असं विचारणं

या प्रश्नाला "छान आहे" याखेरीज उत्तर नाही. तुमचा आनंदी चेहरा समोर असताना तर नाहीच. त्याऐवजी समोरच्याच्या हातात पेन द्या आणि त्याला कागदावर चालायला लावा. पाऊस पडतोय, दोन्ही हातांत पिशव्या आहेत, गाडीपासून स्वयंपाकघरापर्यंत कसे जाल? रात्री दोन वाजता आजारी माणसाला बाथरूमला जायचंय, वाटेत किती दारं? मशीनमधले ओले कपडे वाळत घालायला कुठून कुठे न्यायचे? हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि घरातलं माणूस अंघोळ करून बाहेर पडलं, ते खोलीत जाणार कुठून? पेनाच्या रेघा एकमेकींना सारख्या छेदायला लागल्या किंवा रोजचा रस्ता सोफ्याच्या पुढून जायला लागला, की दोष आपोआप दिसतो. मत मागावंही लागत नाही.

माणसंही वेगवेगळी निवडा. जो रोज स्वयंपाक करतो तो, ज्याचे गुडघे दुखतात तो, जो घर झाडतो-पुसतो तो, आणि शक्य असेल तर एखादा प्लंबर. प्लंबरला प्लॅन दाखवणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत, आणि हे मला कायम नवल वाटतं. वरच्या मजल्यावरचं बाथरूम खालच्या जेवणाच्या टेबलावर येतंय, हे त्याला एका नजरेत दिसतं. बाथरूमं एकावर एक किंवा पाठीला पाठ लावून असली तर पाइप कमी लागतात, गळती झाली तर शोधायची जागाही एकच राहते.

जिन्याला उरलेली जागा देणं

सगळ्यात जास्त प्लॅन इथे फसतात. खोल्या ठरतात, आणि राहिलेल्या कोपऱ्यात आठ-दहा रेघा मारून जिना दाखवला जातो. त्या रेघा कुणी मोजत नाही.

मोजून बघा. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. एका पायरीची उंची ७ इंच धरली तर १८ चढ होतात. पाय ठेवायची रुंदी १० इंच. दोन चढ अधिक एक रुंदी यांची बेरीज २४ ते २५ इंचांच्या आसपास आली की जिना पायांना सोयीचा वाटतो, आणि इथे ती बरोबर २४ येते. आता हा जिना मध्ये वळणारा केला तर प्रत्येक बाजूला ९ चढ आणि ८ पायऱ्या (नववा चढ थेट लँडिंगवर किंवा वरच्या फरशीवर पोचतो), म्हणजे ६ फूट ८ इंच लांबी. त्यात साडेतीन फुटांचं लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट टप्पा, मिळवा, झाले १० फूट २ इंच. रुंदी साडेतीन-साडेतीन मिळून ७ फूट, मधली फट वेगळी. शिवाय खाली उतरल्यावर आणि वर चढल्यावर उभं राहायला तीनेक फूट मोकळे हवेतच. प्लॅनवर ६ × ८ चा चौकोन असेल, तर तो जिना कागदावरच राहणार. किंवा पायऱ्या साडेआठ इंच उंच होणार आणि घरातले वयस्कर लोक वर जाणंच सोडून देणार.

जिन्याखालचं टॉयलेट ही दुसरी लाडकी कल्पना. वरच्या हिशोबात लँडिंग जमिनीपासून ६३ इंचांवर आहे. त्याच्या स्लॅबची जाडी सहाएक इंच वजा केली की खाली उरतात ५७ इंच, पावणेपाच फूट. तिथे लहान मूल उभं राहील. टॉयलेटची फरशी खाली घेतली किंवा लँडिंग वर सरकवलं तर मार्ग निघतो, पण मग पायऱ्यांची विभागणी बदलते आणि सांडपाण्याच्या पाइपाला उतार मिळतो का हेही बघावं लागतं. कुणी या जागेवर बोट ठेवलं, तर वाद घालण्याआधी पट्टी काढा.

फर्निचर अंदाजाने टाकणं

कॉम्प्युटरवरचा पलंग हवा तेवढा आक्रसतो. खरा मोठा पलंग ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो, कपाटाची खोली २ फूट. आता १० × ११ ची बेडरूम घ्या. पलंगाची लांबी १० फुटांच्या दिशेने आली आणि समोरच्या भिंतीला कपाट आलं, तर मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचा पल्ला उघडला की माणसाने उभं राहायचं कुठे? पलंगावर.

जेवणाचं टेबल ५ × ३ चं असेल तर खुर्ची मागे ओढून उठायला चारही बाजूंना तीन-तीन फूट धरा, म्हणजे जागा झाली ११ × ९. स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे असतील तर मधलं अंतर साडेतीन ते चार फूट. त्याहून कमी असेल तर दोघं एकत्र काम करू शकत नाहीत, आणि फार वाढवलं तर प्रत्येक भांड्यासाठी येरझारा. फ्रिज भिंतीला अगदी चिकटून कोपऱ्यात काढलेला असेल तर त्याचं दार पुरतं उघडणार नाही आणि आतले ट्रे बाहेर निघणार नाहीत.

भिंतींची जाडी आणि दारांचे पल्ले विसरणं

एका ओळीत १२, १० आणि १२ फुटांच्या तीन खोल्या म्हणजे ३४ फूट, असा हिशोब पुष्कळ जण करतात. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंचांच्या, आतल्या दोन साडेचार-साडेचार इंचांच्या. सव्वादोन फूट नुसत्या भिंतींनीच खाल्ले, प्लॅस्टर वेगळं. प्लॉट बरोबर ३४ फूट रुंद असेल तर कुठल्या तरी खोलीचा बळी जातोच.

दारांचंही तसंच. प्रत्येक पल्ल्याचा कंस काढा. दोन कंस एकमेकांत घुसले तर दोन दारं आपटणार. चाकाची खुर्ची जाण्यासाठी दारातून सुमारे ३२ इंच निव्वळ मोकळी रुंदी लागते आणि वळायला ५ फूट व्यासाचं वर्तुळ. आज गरज नसली तरी तळमजल्यावरच्या एका खोलीत आणि एका बाथरूममध्ये हे साधून ठेवायला फार काही लागत नाही.

"आम्हाला चालेल" म्हणून विषय मिटवणं

टीका ऐकताना हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. कधी ते खरंही असतं. पण आधी टीका कुठल्या जातीची आहे ते ओळखा. काही टीका मोजमापाची असते: जिना बसत नाही, पल्ला आपटतो. तिथे तुमच्या चालवून घेण्याला अर्थ नाही, पट्टी सांगेल तेच खरं. काही वापराची असते: टॉयलेटचं दार जेवणाच्या टेबलासमोर उघडतं, किंवा पलंगाच्या डोक्यामागच्याच भिंतीत फ्लशचा पाइप आहे. यात तुमचं मत चालतं, पण त्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना विचारून. आणि काही निव्वळ आवडीची असते: "मला ओपन किचन नको वाटतं." ही ऐकून सोडून द्यायला हरकत नाही.

गंमत अशी, की माणसं नेमकं उलटं वागतात. आवडीच्या टीकेने हिरमुसतात आणि मोजमापाच्या टीकेला "बघू नंतर" म्हणतात.

ऐकताना उत्तरही देऊ नका. लिहून घ्या. तुम्ही समजावायला लागलात की समोरचा सभ्यपणे गप्प बसतो, आणि त्याने सांगितलं नसेल ते नेमकं कामाचं असतं. शिवाय प्लॅन समजावून सांगावा लागतोय, हीसुद्धा एक नोंदच आहे.

आणि उलटी चूक: प्रत्येक सूचना मानणं

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. एकाने सांगितलं म्हणून खिडकी वाढवली, दुसऱ्याने म्हटलं म्हणून भिंत सरकवली, तिसऱ्यासाठी आणखी एक बाथरूम घुसवलं. शेवटी मूळ प्लॅनमधला जो काही विचार होता तोही जातो.

लोक दोष अचूक हेरतात, पण इलाज बहुधा चुकीचा सांगतात. समजा १६ × १२ च्या हॉलबद्दल एक जण म्हणाला, हॉल मोठा करा. दुसरा म्हणाला, स्वयंपाकघराची भिंत काढा. तिसऱ्याला तिथे अंधार वाटला. तिघांचं म्हणणं वेगळं, बोट मात्र एकाच जागेवर. प्लॅन नीट बघितला तर त्या हॉलला पाच दारं निघतात, चारही भिंतींत विखुरलेली. त्यामुळे सोफ्याला सलग भिंत नाही, आणि प्रत्येक वाट मधून जाते. हॉल मुळात लहान नाही, त्याचा पॅसेज झालाय. बेडरूमची दोन दारं एका कोपऱ्यातल्या लहानशा बोळात वळवली की तेवढ्याच मापात बसायची जागा निघते. एक फूटही वाढवावा लागत नाही.

म्हणून सूचना आली की लगेच रेघ हलवू नका. आठ-दहा जणांची टिपणं जमू द्या. एकाच जागेवर वेगवेगळ्या माणसांची बोटं पडत असतील तर ती जागा दुरुस्त करा, आणि इलाज मात्र आर्किटेक्टला शोधू द्या.

आर्किटेक्टला याचा राग येईल का? येऊ शकतो. प्रसिद्ध अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनाही आला होता. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बांधलेल्या 'फॉलिंगवॉटर' या घराचे नकाशे मालक एडगर कॉफमन यांनी १९३० च्या दशकात बाहेरच्या अभियंत्यांना दाखवले. त्यांनी मजबुतीवर शंका घेतल्या, राइट भडकले आणि नकाशे परत मागितले. पुढे बांधकामात अधांतरी गच्च्यांमध्ये राइट यांच्या नकाशापेक्षा जवळपास दुप्पट लोखंड घातलं गेलं, तेही त्यांच्या मर्जीविरुद्ध. तरीसुद्धा मुख्य गच्ची कालांतराने सुमारे सात इंच खाली झुकली आणि २००२ मध्ये पोलादी तारा ताणून ती सावरावी लागली. शंका रास्त होती. पण धबधब्यावरच्या घराची कल्पना कॉफमन यांनी सोडली नाही, हेही बघा. लोखंड वाढलं, घर जागचं हललं नाही.

तुमचा आर्किटेक्ट राइट नसेल, तर त्याच्याशी बोलणं सोपं जाईल. "अमुक म्हणतात की हे चुकलंय" असं न सांगता "इथे तीन जण अडखळले, असं का होतंय?" एवढंच विचारा.

फार उशिरा विचारणं

पहिल्या कच्च्या आराखड्यालाच मतं घ्या, कारण तेव्हा खोल्यांची जागासुद्धा बदलता येते. स्ट्रक्चरल ड्रॉइंग (कॉलम, बीम आणि लोखंडाचे नकाशे) सुरू होण्याआधी दुसरी फेरी करा. या वेळी जिना, बाथरूमं आणि खिडक्या एवढ्यावरच. जमिनीवर चुन्याने आखणी झाली की तिसरी: खऱ्या मापाच्या रेषांत खुर्च्या मांडा, चाला, दार कुठे उघडेल ते हाताने दाखवा. यात फूट-अर्धा फूट सरकवता येतं, पण कॉलमची जागा बदलली तर ड्रॉइंग पुन्हा तपासून घ्यावंच लागेल. स्लॅब पडल्यावर कुणी बाथरूम हलवायला सुचवलं तर आभार मानून मोकळे व्हा, आणि त्याच माणसाला विजेच्या बोर्डांची यादी दाखवा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विच आहेत का, कपाटामागे सॉकेट लपतंय का, हे भिंती खाचेपर्यंत अजून बदलता येतं.