मोतीबिंदूआधी डोळ्याची लांबी मोजताना या चुका टाळा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुरळीत झाली, लाली नाही, सूज नाही, तरी पेशंट म्हणतो, "लांबचं धूसरच दिसतंय." अशा वेळी सर्जनच्या हाताला दोष देण्याआधी मोजणीचा कागद काढून बघा. 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेव्हा त्या बाईंना नंतर उणे 18 च्या आसपास नंबर लागला. प्रत्येक डोळा मोजून भिंग ठरवण्याची रीत तेव्हा नव्हती. आता ती सबब उरलेली नाही.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 23.5 मिमी असतो. त्यात 1 मिमीची चूक म्हणजे चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक.

सगळ्यात नडतो तो जड हात. ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅन यंत्राचा प्रोब बुबुळावर (कॉर्नियावर) जरा जोरात टेकला की बुबुळ आत दबतं, डोळा 0.1 ते 0.3 मिमी आखूड भरतो, हिशेबात जास्त ताकदीचं भिंग येतं आणि पेशंटला मायनसचा नंबर चिकटतो. चूक पकडायची जागा त्याच कागदावर असते: बुबुळ ते भिंग ही पुढच्या कप्प्याची खोली. एकाच डोळ्याच्या रीडिंगमध्ये जिथे ती कमी, तिथे दाब पडलाय. तसली रीडिंग सरासरीत मिसळू नका, सरळ खोडा. मुळात डोळ्यावर ठेवलेल्या कपात द्रव भरून प्रोब बुबुळापासून अधांतरी धरण्याची इमर्शन पद्धत वापरली, तर हे दुखणंच राहत नाही. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

ए-स्कॅनमध्ये परतलेल्या ध्वनीचा आलेखही बघा. मागच्या पडद्याची (रेटिनाची) उडी सरळ उभी हवी आणि तिच्यामागे डोळ्यामागच्या चरबीच्या छोट्या उड्या उतरत जायला हव्यात. त्या नसतील तर लहर बहुधा नेत्रतंतूवर गेलीय. पेशंटला समोरच्या दिव्याकडे बघायला सांगून पुन्हा घ्या.

प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राला स्पर्श लागत नाही, पण पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाश पार होत नाही, तिथे ए-स्कॅनच. बुबुळाची वक्रता मात्र थेंब टाकण्याआधी आणि प्रोब टेकवण्याआधी मोजायची. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडाभर बंद हवी, कडक असेल तर आणखी जास्त दिवस. लेसिक, म्हणजे चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, झालंय का, हे विचारल्याशिवाय भिंगाची ताकद काढायचं नेहमीचं सूत्र लावू नका. तिथे चूक बहुधा उलट्या दिशेने होते, पेशंटला प्लसचा नंबर राहतो.

दोन डोळ्यांत 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही पुन्हा मोजा. आणि डोळा अचानक 30 च्या पुढे दिसला, तर पडद्याच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरलंय का ते विचारा. ध्वनी डोळ्यातल्या द्रवात सेकंदाला 1532 मीटर जातो, तेलात जेमतेम 980. यंत्रात वेग बदलला नाही, तर 23 मिमीचा साधा डोळाही त्याला अवाढव्य दिसतो.