शाळा सुधारायला निघालात? या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळांत दर वर्षी तेच चालतं. जूनमध्ये सभा, फोटो, 'आमची शाळा आदर्श करणार'. दसऱ्याची सुट्टी संपली की सगळे गप्प. चुकाही त्याच त्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळा भार एका हेडमास्तरांवर टाकणं. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत बाईंनी तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून वाचनाप्रमाणे बसवली. अक्षरं ओळखणारी एका खोलीत, शब्द जोडणारी व्हरांड्यात, उतारा वाचणारी तिसरीकडे. शनिवारी एसडीएमसीतल्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीतल्या, दोघी आया यायच्या आणि एकेका पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. पोरं खरंच वाचायला लागली होती. मग बदल्यांच्या कौन्सेलिंगमध्ये बाईंची बदली झाली. नव्या सरांना चार्जमध्ये किल्ल्या मिळाल्या, स्टॉक रजिस्टर मिळालं, अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाचा हिशेब मिळाला. गटांबद्दल कागदाचा एक कपटासुद्धा नाही. सरांनी रीतसर इयत्तेप्रमाणे वर्ग लावले, आणि लावणारच, त्यांना कोण काय बोललं होतं?

पोरांच्या नावापुढे 'अक्षर, शब्द, वाक्य, उतारा' अशा खुणा केलेली शंभर पानी वही त्या दोघींपैकी एकीच्या घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत होती. "सर, मागितलीच नाही कुणी," म्हणाली.

म्हणून माझा हट्ट असतो की अशी वही एसडीएमसीकडे राहावी आणि चार्जच्या यादीत तिचं नाव लिहावं. कुठलाही उपक्रम निदान दोन कायम शिक्षकांना येत असल्याशिवाय सुरूच करू नका. अतिथी शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण नेमणूक वर्षापुरती. सगळं त्यांच्यावर सोडलं की पुढच्या जूनला पुन्हा श्रीगणेशा.

दुसरी चूक दिखाव्याची. गणपतीला पुण्या-मुंबईहून, गोव्याहून माजी विद्यार्थी येतात, चार पैसे जमतात आणि कमान उभी राहते. नाहीतर स्मार्ट टीव्ही. वीजबिल कोण भरणार, बिघडला तर बेळगावला कोण नेणार, हे कुणी विचारत नाही. टीव्हीवर प्लास्टिक तसंच, आणि त्याच्याखाली बसलेल्या चौथीच्या पोराला फळ्यावरची तारीख वाचता येत नाही! देणगीदाराला नाही म्हणायला जड जातं, कबूल. पण आधी गोष्टीची पुस्तकं मागा, कमान नंतर. घाईवाल्यांना हे पटत नाही, कारण पुस्तकाला फीत बांधून उद्घाटन होत नाही.

आराखड्याचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा विकास आराखडा एसडीएमसीनं करायचा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. प्रत्यक्षात मागच्या वर्षीच्या कागदावरचं साल बदलतात आणि सह्या घ्यायला पोराला घरोघर पाठवतात. त्यात परिपत्रकं कन्नडमधून. मराठी आयांनी कशावर सही केली ते त्यांनाच ठाऊक नसतं. सभेत एका शिक्षकानं ते मराठीतून सांगावं आणि इतिवृत्त दोन्ही भाषांत लिहावं. अर्धा तास जास्त जातो, जाऊ दे.

सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देणारे मार्गदर्शक, आले की फक्त कागदपत्रं दाखवू नका, वर्गात न्या.

एकदम दहा उपक्रम घेऊ नका. वाचन आणि हजेरी, बस्स.

बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला तोंडी तक्रार करू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि भात कापणीच्या दिवसांत दुपारी पालकसभा ठेवून 'पालकांना आस्थाच नाही' म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? संध्याकाळी ठेवा, दूध घालून झाल्यावर. आदल्या दिवशी पोरांच्या हातून चिठ्ठी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. फोन घरातल्या बाप्याकडे असतो आणि सभेला यायची असते आई.