एका गेटवेमागे अनेक एमसीपी सर्व्हर: या चुका टाळा

एका संध्याकाळी आठ सर्व्हर जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायचं, गेटवे बिघडलाय. इंदुरात विजयनगरचं सॉफ्टवेअर ऑफिस असो की सियागंजातली घाऊक पेढी, एआय सहायकाला टूल्स जोडून द्यायचं काम निघालं की ही तक्रार हमखास येते. गेटवे बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मागचा एखादा सर्व्हर आधीपासूनच अडलेला असतो, आणि आठांच्या गर्दीत तो कोणता हे शोधायला मार्ग उरत नाही.

रचना आधी नीट समजून घ्या. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. त्यात फाइली, डेटाबेस, बिलिंग अशा प्रत्येक कामाचा वेगळा सर्व्हर असतो आणि तो आपली टूल्स सहायकापुढे मांडतो. गेटवे या दोघांच्या मध्ये बसतो. सहायकाशी बोलताना तो सर्व्हर असतो, मागच्यांशी बोलताना क्लायंट. प्रत्येक निरोप त्याच्या हातून जातो, त्यामुळे गडबड पुढेही होऊ शकते आणि मागेही. म्हणून प्रत्येक सर्व्हर आधी गेटवेशिवाय, एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनात थेट चालवून बघायचा. टूल्सची यादी आली आणि निदान एका टूलने खरं उत्तर दिलं, तरच तो गेटवेमागे न्यायचा. मग तो दिवसभर वापरायचा आणि पुढच्या सर्व्हरला दुसऱ्या दिवशी हात लावायचा. नवशिक्यांना हे संथ वाटतं, पण त्यांचे जे दोन तास वाचतात ते पुढच्या आठवड्यात लॉग चाळण्यात जातात.

एकाच नावाची दोन टूल्स

वाड्यात दोन जोशी असले की वरचे जोशी, खालचे जोशी असं म्हणावंच लागतं, नाहीतर एकाचं टपाल दुसऱ्याच्या दारात पडतं. टूल्सचंही तसंच आहे. ‘सर्च’, ‘क्वेरी’, ‘रीड फाइल’ ही नावं प्रत्येक सर्व्हर लिहिणाऱ्याला आधी सुचतात. एकट्या सर्व्हरमध्ये त्यांनी काही बिघडत नाही. गेटवेमागे दोन ‘क्वेरी’ आल्या की मात्र खरा धोका सुरू होतो, आणि तो दिसत नाही.

सियागंजातल्या एका किराणा घाऊक पेढीचा प्रसंग घ्या. तिथे दोन पोस्टग्रेस डेटाबेस होते, एक चालू हिशेबाचा आणि एक चाचणीचा. दोन्हींसाठी घरीच लिहिलेला एकच सर्व्हर दोनदा चालवला होता, त्यामुळे टूलचं नाव दोन्हीकडे ‘क्वेरी’ आणि वर्णनही अक्षरन्‌अक्षर सारखं. गेटवे टूल्सची नोंद फक्त नावाने ठेवत होता, म्हणजे जो सर्व्हर शेवटी हजर होई त्याची ‘क्वेरी’ आधीच्यावर चढे. चाचणीचा सर्व्हर जड होता, तो रोज उशिरा उठायचा आणि त्यामुळे रोज तोच जिंकायचा. कित्येक आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी वीज गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. बंद नीट न झाल्यामुळे चालू हिशेबाच्या डेटाबेसला सावरायला थोडा वेळ लागला, त्याचा सर्व्हर शेवटी आला आणि ‘क्वेरी’ त्याच्या नावावर गेली. ऑपरेटरने रोजच्यासारखं सांगितलं, चाचणीतले सगळे दर शून्य कर. सहायकाने सांगितलेलं काम चोख केलं, पण ते खऱ्या दरपत्रकावर. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून पेढी सावरली. सकाळपासूनची बिलं मात्र कागदावरून हाताने पुन्हा भरावी लागली.

यात सहायकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला एकच ‘क्वेरी’ दिसत होती. उपाय तीन आहेत, आणि तिन्ही करायचे असतात, एकावर भागत नाही.

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या टूल्सना उपसर्ग. उपसर्ग कामावरून द्यायचा, सॉफ्टवेअरच्या नावावरून नाही. ‘पोस्टग्रेस एक’ आणि ‘पोस्टग्रेस दोन’ यांनी गोंधळ तसाच राहतो. ‘लाइव्ह’ आणि ‘टेस्ट’ म्हटलं की माणसालाही कळतं आणि मॉडेललाही. उपसर्ग आखूड ठेवा. अनेक मॉडेलांच्या एपीआयमध्ये टूलच्या नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते आणि फक्त रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि हायफन चालतात. गोदामाचं पूर्ण नाव उपसर्गात कोंबलं की लांब नावाची टूल्स मर्यादेबाहेर जातात, आणि देवनागरी नाव दिलं तर विनंतीच नाकारली जाते.

दुसरा, नाव दुसऱ्यांदा आलं तर गेटवेने सुरूच होऊ नये, अशी सेटिंग असेल तर ती लावा. ती नसेल तर मोजणी करा. प्रत्येक सर्व्हरची टूल्स इन्स्पेक्टरमध्ये मोजून कागदावर लिहायची, बेरीज करायची आणि मग इन्स्पेक्टर गेटवेला जोडून त्याची यादी मोजायची. बेरीज ४१ आणि गेटवेत ४० असतील तर एक नाव गिळलं गेलंय. फरक दहा-वीसचा असेल तर कारण वेगळं असू शकतं: टूल्सची यादी प्रोटोकॉलमध्ये पानापानाने येऊ शकते, आणि कच्चे गेटवे पहिलं पान घेऊन थांबतात.

तिसरा उपाय डेटाबेसच्याच पातळीवर करायचा. चालू हिशेबासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा पोस्टग्रेस रोल, म्हणजे डेटाबेसचा वापरकर्ता, बनवा आणि सहायकाच्या सर्व्हरला तोच द्या. ‘डिलीट करू नकोस’ असं वर्णनात लिहिणं म्हणजे संरक्षण नव्हे. अधिकारच नसला पाहिजे. हा शॉर्टकट घेणाऱ्यांशी या बाबतीत तडजोड करता येत नाही.

स्टँडर्ड आउटपुटवर सांडलेली एक ओळ

सर्व्हर त्याच मशीनवर चालत असेल तर गेटवे त्याच्याशी स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटवरून बोलतो. त्या वाटेने फक्त जेसन-आरपीसीचे, म्हणजे प्रोटोकॉलच्या ठरलेल्या साच्यातले, निरोप जायला हवेत, एका ओळीत एक. पायथनमधला एखादा ‘प्रिंट’ किंवा नोडमधला ‘कन्सोल लॉग’ तिथे पडला की पार्सर अडखळतो. काही गेटवे ती ओळ टाकून पुढे जातात, काही जोडणीच तोडतात. म्हणूनच ‘माझ्याकडे चालतं, ऑफिसात चालत नाही’ असं ऐकू येतं.

अनेकदा ही ओळ तुमच्या कोडमधली नसतेच. डॉटएन्व्ह या नोड लायब्ररीने १७व्या आवृत्तीपासून सुरू होताना किती व्हेरिएबल वाचले याची ओळ आपणहून छापायला सुरुवात केली, आणि कोडला हातही न लावलेले सर्व्हर अपडेटनंतर पडले. तिथे ‘क्वायट’ हा पर्याय खरा करून ठेवायचा. आपल्या नोंदी नेहमी स्टँडर्ड एररवर लिहायच्या, प्रोटोकॉलला ते चालतं.

तपासणी सोपी आहे. सर्व्हर टर्मिनलमध्ये सुरू करा, स्टँडर्ड एरर फाइलीत वळवा आणि काही न टाइप करता थांबा. पडदा कोरा राहिला पाहिजे. स्वागताची ओळ दिसली, आवृत्ती दिसली, काहीही दिसलं, तर चूक तीच आहे.

टोकन शेलमध्ये आहे, सर्व्हरला मिळत नाही

टर्मिनलमध्ये चालणारा सर्व्हर गेटवेमागे ‘अधिकार नाही’ म्हणतो तेव्हा लोक नवं टोकन, म्हणजे सेवेत शिरायची गुप्त किल्ली, काढतात, मग आणखी एक. टोकन बरोबरच असतं. एमसीपीची पायथन आणि टाइपस्क्रिप्ट एसडीके (क्लायंट-सर्व्हर लिहायच्या तयार लायब्ररी) मागच्या सर्व्हरला तुमच्या शेलमधले सगळे व्हेरिएबल देत नाहीत. पाथ, होम असे मोजकेच देतात, आणि सुरक्षेसाठी ते योग्य आहे. ज्या सर्व्हरला जे टोकन लागतं ते कॉन्फिग फाइलीत त्याच्याच ‘एन्व्ह’ विभागात लिहा. मात्र ती फाइल गिटमध्ये टाकू नका. एकदा गेलेलं टोकन पुढच्या कमिटमध्ये पुसलं तरी इतिहासात राहतं, ते रद्दच करावं लागतं.

पाथचा त्रासही याच घरातला. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या अ‍ॅपला एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवलेला नोड सापडत नाही, म्हणून ‘एनपीएक्स’चा, म्हणजे नोडची पॅकेजं चालवणाऱ्या कमांडचा, पूर्ण पत्ता द्या. विंडोजवर तो ‘सीएमडी’मार्फत चालवा आणि पत्त्यातले उलटे तिरके दांडे दुहेरी लिहा. ‘एनपीएक्स’ला हायफन-वाय दिलं नाही तर तो पॅकेज बसवू का असं विचारत थांबतो, आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं.

सगळ्यांना सगळी टूल्स

प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि स्कीमा (टूलला कोणती माहिती द्यायची त्याचा साचा) मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात, जातात, एकेकाचे सहज काहीशे टोकन. इथे टोकन म्हणजे किल्ली नव्हे, मॉडेल मजकूर मोजतं ते शब्दांचे तुकडे. शंभर टूल्स लावली की प्रश्न विचारण्याआधीच जागा भरते आणि निवडही चुकू लागते. व्हीएस कोडमध्ये एका विनंतीत १२८ टूल्सची मर्यादा आहे, पण त्या आकड्याजवळ जाण्याची गरजच नाही. हिशेब, विक्री आणि डेव्हलपर यांचे वेगळे प्रोफाइल बनवा आणि एकेकात १५ ते २० टूल्स ठेवा. हिशेबनिसाला गिटहबची टूल्स कशाला?

वर्णनं मात्र मनापासून लिहा. इंदुरातला मराठी हिशेबनीस ‘आउटस्टँडिंग’ म्हणत नाही. तो ‘उधारी किती’ विचारतो, ‘येणं किती’ विचारतो, घाईत हिंदीत ‘बकाया’ही म्हणतो. हे चारही शब्द टूलच्या वर्णनात टाका. टोकन थोडे वाढतात, पण योग्य टूल पहिल्याच खेपेला निवडलं जाण्याची शक्यता चांगलीच वाढते.

वेळमर्यादा उलट्या लावणं

टाइपस्क्रिप्ट एसडीकेत उत्तराची वाट बघायची मूळ मर्यादा ६० सेकंदांची आहे, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची वाचनमर्यादाही ६० सेकंदांचीच. गेटवेत उत्साहाने १२० टाकले की पुढचा क्लायंट आधी सोडून देतो आणि मागे डेटाबेसची क्वेरी चालूच राहते. माणूस पुन्हा विचारतो, आता दोन क्वेरी. आतून बाहेर मर्यादा वाढत गेली पाहिजे: डेटाबेसला ४०, गेटवेला ५०, क्लायंटला ६०. एनजिनएक्स मध्ये असेल तर त्याचं बफरिंग बंद ठेवा, नाहीतर स्ट्रीम होणारं उत्तर तुकड्यांत अडकून उशिरा येतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्थानिक गेटवे १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, ऐकवा, सगळ्या नेटवर्कला खुल्या ०.०.०.० वर नाही, आणि विनंती कुठल्या संकेतस्थळावरून आली हे सांगणारा ऑरिजिन हेडर तपासा. इन्स्पेक्टरच्या ०.१४.१ आधीच्या आवृत्तीत परका कोड चालवू देणारी गंभीर फट होती, जुनी असेल तर आजच बदला. क्लायंटकडून आलेलं टोकन गेटवेने मागे जसंच्या तसं पुढे पाठवू नये, एमसीपीच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. कॉन्फिगच्या जेसन फाइलीत शेवटी जादा स्वल्पविराम राहिला तर फाइलच वाचली जात नाही. क्लॉड डेस्कटॉपची कॉन्फिग बदलल्यावर खिडकी बंद करणं पुरत नाही, अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. एक सर्व्हर पडला म्हणून बाकीचे थांबवणारा गेटवे वापरू नका.

आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिणं हा सगळ्यात लाडका शॉर्टकट. त्यात उद्या सकाळी टूलचं वर्णन बदलू शकतं, आणि वर्णन म्हणजे मॉडेलला दिलेली सूचनाच असते. नेमका आकडा लिहा. गेटवेकडून आलेली टूल्सची यादी फाइलीत साठवून ठेवा आणि आवृत्ती वाढवण्याआधी नव्या यादीशी ओळीओळीने ताडून बघा. ज्या टूलचं वर्णन बदललं असेल ते पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला प्रोफाइलमधून बाहेर ठेवा.