ग्राइमच्या त्रिकोणात झाड कुठे बसते?

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या परिसंस्थाशास्त्रज्ञ फिलिप ग्राइम यांनी १९७४ साली वनस्पतींचे जगण्याचे डावपेच त्रिकोणात मांडले: स्पर्धक (नेटल ही खाजरी वनस्पती), ताणात तग धरणारी (फेस्क्यू गवत), उकरलेल्या-विस्कळीत जागी झटपट वाढणारी (पोआ ॲन्युआ हे गवत). आपल्या झाडाची जागा शोधायला तीनच मापे लागतात: पानाचे क्षेत्रफळ, ओले वजन आणि कोरडे वजन.

निरोगी, पूर्ण वाढलेली, उन्हातली दहा तरी पाने, वेगवेगळ्या झाडांवरून घ्या. ओल्या टिशूत गुंडाळून रात्रभर अंधारात, फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी टिपकागदाने अलगद टिपून लगेच वजन करा. इथेच घोटाळा होतो: पानावर पाणी राहिले तर ओले वजन फुगते आणि शुष्कांश (ओल्या वजनातला कोरड्या वजनाचा वाटा) कमी दिसतो. मग पान सपाट स्कॅन करा. कडा दुमडली की क्षेत्रफळ घटलेच. ७० अंशांवर ७२ तास वाळवा. ओव्हनमधून काढलेले पान हवेतला ओलावा शोषते, म्हणून सिलिका जेलच्या डब्यात गार करून तोला. तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवा. बारीक गवताला स्वयंपाकघरातला कुचकामी.

उदाहरणार्थ, क्षेत्रफळ १२०० चौ. मिमी, ओले वजन ३०० मिग्रॅ, कोरडे ६०: शुष्कांश २० टक्के, विशिष्ट पर्णक्षेत्र (क्षेत्रफळ भागिले कोरडे वजन) २० चौ. मिमी प्रति मिग्रॅ. ही मापे २०१७ च्या ‘स्ट्रेटफाय’ तक्त्यात भरली की तिन्ही डावपेचांच्या टक्केवाऱ्या मिळतात.