न्यूरोसायन्सच्या पीएचडीचं पहिलं वर्ष कशात जातं

न्यूरोसायन्सकडे येणारे बरेच जण मेंदूच्या भागांची नावं पाठ करून येतात. ते वाया जात नाही, पण पहिल्या वर्षी रोज लागतात त्या गोष्टी वेगळ्याच: मोलॅरिटीचं (द्रावणाच्या तीव्रतेचं) गणित, ओहमचा नियम आणि पायथनमध्ये फाइल उघडून आलेख काढण्याइतका हात. झूलॉजीवाले यात अडतात. फिजिक्स-इंजिनिअरिंगवाले अडतात ते उंदीर धरताना. प्रवेश दोघांनाही मिळतो.

कुलाब्याचं टीआयएफआर आणि बंगळुरूचं एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा असते. शिवाय सीएसआयआरची नेट द्याच. त्यातून मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती स्वतःच्या नावावर असली की गाइडचा प्रोजेक्ट मध्येच संपला तरी तुमचे पैसे थांबत नाहीत. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. मात्र पहिला हप्ता उशिरा पडणं नवीन नाही. तीन-चार महिन्यांची तजवीज करून निघा.

रोटेशन (लॅब निवडण्याआधी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम करणं) असेल तर लॅबच्या विषयावर भाळू नका. गाइडपेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सीनियरला गाठा आणि दोनच प्रश्न विचारा: रिग, म्हणजे प्रयोगाचं टेबल आणि उपकरणं, आठवड्यातून किती दिवस मोकळी मिळते, आणि हवे असलेले उंदीर लॅबमध्ये आज आहेत की आणायचे आहेत?

दुसरा प्रश्न का, ते बोटांवर मोजा. गर्भ सुमारे 20 दिवस, पिल्लं आईपासून वेगळी करायची 21व्या दिवशी, वयात यायला जन्मापासून सहा ते आठ आठवडे. म्हणजे एक पिढी साधारण दोन-अडीच महिन्यांची. दोन जनुकबदल एका उंदरात हवे असतील तर बहुतेक वेळा दोन पिढ्या लागतात, आणि प्रत्येक पिल्लू हवं तसं निघत नाही. त्यातच संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी येते. ती हातात आल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही, आणि अर्जात मागितलेली संख्या कशावरून काढली तेही दाखवावं लागतं.

आता स्लाइस आणि पॅच, म्हणजे मेंदूचा जिवंत पातळ काप घेऊन त्यातल्या एकेका पेशीचे विद्युत संकेत पिपेटने, काचेच्या बारीक नळीने, नोंदवणं. इथे सहा महिने सहज जातात, आणि त्यातले निम्मे तरी द्रावणापायी. एक लिटर एसीएसएफला (मेंदूभोवतीच्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) मीठ 7.3 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 2.1, ग्लुकोज 4.5, पोटॅशियम आणि फॉस्फेट अगदी थोडं. कॅल्शियम शेवटी. आधी 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पंधरा-वीस मिनिटं बुडबुडू द्या. पीएच 7.4 च्या आसपास आला की मगच एक मोलरच्या साठ्यातून दोन मिली कॅल्शियम क्लोराइड घाला. घाई केली तर बाटलीत पांढरट ढग उठतो. कॅल्शियम साक्याच्या रूपात खाली बसलेलं असतं. गाळून वापरायचा मोह होतो, पण आता द्रावणात कॅल्शियम किती उरलं ते कुणालाच ठाऊक नसतं. ओतून द्या. विरघळलेल्या कणांचं प्रमाण मोजणारा ऑस्मोमीटर 310 मिलिऑस्मोलच्या आसपास हवा. 340 दाखवत असेल तर वजनात घोळ आहे.

स्लाइस 300 मायक्रॉनची. मेंदू बाहेर काढून बर्फगार द्रावणात जायला एखाद-दोन मिनिटांहून जास्त लागू नयेत, म्हणून ब्लेड, गोंद, चिमटे आधीच मांडून ठेवा. कापल्यावर 32-34 अंशांवर अर्धा तास. भिंगाखाली फुगलेली, केंद्रक ठळक दिसणारी पेशी सोडून द्या, कितीही सोपी वाटली तरी. चांगल्या पेशीची कडा मऊ दिसते. पिपेटचा रोध 4 ते 6 मेगाओहम. द्रावणात शिरण्याआधीच पिपेटमधून फुंक चालू हवी, नाहीतर टोकाला कचरा चिकटतो आणि गिगाओहमचा सील, म्हणजे पिपेट आणि पेशी यांची घट्ट चिकटण, होत नाही. एकदा पेशीला टेकलेली पिपेट पुन्हा वापरायची नाही. सीरिज रोध (पिपेट आणि पेशीच्या आतला भाग यांच्यामधला रोध) 25 मेगाओहमच्या वर गेला किंवा रेकॉर्डिंगदरम्यान 20 टक्क्यांहून जास्त बदलला, तर ती पेशी मोजणीतून बाद. हा नियम डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. नंतर लिहिला की आवडत्या पेशी नेमक्या वाचतात.

पीएचडीच्या कमिटीसमोर नवखे पडतात ते मात्र इथे नाही, एनवर, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येवर. तीन उंदरांतून तीस पेशी मिळाल्या म्हणून एन तीस होत नाही. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या वागतात, कारण वय, पिंजरा आणि त्या दिवशीचं द्रावणही एकच. सरळ टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लावली तर नसलेला फरक दिसू लागतो. उंदरागणिक सरासरी घ्या किंवा एकाच उंदराच्या पेशींमधलं साम्य हिशेबात धरणारं मिश्र-परिणाम मॉडेल वापरा. दोन्हीसाठी कोणती पेशी कोणत्या उंदराची हे माहीत हवं, तेव्हा वहीत उंदीर क्रमांक, पिंजरा क्रमांक आणि द्रावण बनवल्याची तारीख हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून आखा. फाइलच्या नावात फक्त ‘पेशी 4’ लिहिलेलं असलं, तर वर्षाने ती कुठल्या उंदराची हे शोधून सापडत नाही.