पहिल्यांदा सिंगापूरला चाललात? निदान या चुका तरी टाळा

ओळखीत कुणाचंही सिंगापूर ठरलं की "जरा नजर टाक ना" म्हणून यादी माझ्याकडे येते. चार दिवस, तीन रात्री आणि डझनावारी ठिकाणं. वर हे ठरलेलं वाक्य: "एवढंसं तर शहर आहे, होईल की सगळं!"

एवढंसं आहे हे खरं. पण युनिव्हर्सल स्टुडिओ सेंटोसा बेटावर, म्हणजे दक्षिण टोकाला आणि नाइट सफारी मंडाईला, पार उत्तरेकडे. मेट्रो, बस आणि चालणं धरून सव्वा तास सहज जातो. तरी दर दुसऱ्या यादीत ही दोन्ही एकाच दिवशी असतात, कारण कुठल्या तरी रीलमध्ये तसं दाखवलेलं असतं.

डोंबिवलीच्या एका कुटुंबाने तर ती पहिल्याच दिवशी कोंबली. मी नको म्हटलं होतं, पण तिकिटं आधीच काढून झाली होती. मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तासांचा प्रवास, त्यात घड्याळ अडीच तास पुढे. झोप कुणालाच नाही. सकाळी हॉटेलवर पोचले तर खोली दुपारी तीनला मिळणार. बॅगा काउंटरवर टाकून मंडळी तशीच, आंघोळीशिवाय, युनिव्हर्सलला. दुपारी आभाळ भरून आलं, विजा कडाडू लागल्या आणि उघड्यावरच्या राइड बंद झाल्या. विषुववृत्ताला चिकटलेल्या शहरात हे नेहमीचंच, त्याचे पैसे कुणी परत देत नाही. तिथून ओल्या बुटांनी मंडाई. नाइट सफारीच्या ट्राममध्ये आजोबा घोरायला लागले, धाकटी रडून रडून झोपली आणि वहिनींच्या फोनमध्ये बिबट्या म्हणून एक काळा चौकोन आला. परतताना बारा वाजून गेले होते, त्यामुळे टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के जादा. दुसरा दिवस सगळे खोलीतच.

पहिल्या दिवशी तिकिटाचं काहीही ठेवायचं नाही, हा माझा शिरस्ता. सामान टाका, जवळपास खा, खोली मिळाली की झोपा. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ही बाग गाठा. तिथल्या सुपरट्रींखाली, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांखाली, पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि संगीताचा खेळ असतो, तोही फुकट. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

बॅगेतली खसखस

हे ऐकून लोक हसतात, पण सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे. तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून ती अमली पदार्थांच्या खात्याच्या यादीत बसते. अनारसे कशावर थापतो आपण? करंजीच्या सारणात काय असतं? घरच्या गोड्या मसाल्यात? लेकीकडे निघालेल्या एका मावशींची बॅग आदल्या रात्री मी उघडायला लावली. स्टीलच्या डब्यात दिवाळीचे अनारसे, खसखशीने छान पांढरे झालेले, आणि शेजारी मसाल्याची बरणी. मावशींचं म्हणणं, "अगं, देवाचा प्रसाद म्हणून सांगेन." त्या देशात अमली पदार्थांच्या गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. अनारशासाठी कुणी फासावर नेणार नाही, पण अधिकाऱ्यासमोर प्रसादाची कथा सांगत उभं राहायची हौस कशाला? डबा इथेच राहिला, चकल्या गेल्या.

गुटखा, तंबाखूची पुडी, व्हेप (ई-सिगारेट): सगळ्याला मनाई. सिगारेटला ड्युटी-फ्री सवलत नाही, एक असली तरी जाहीर करायची. च्युइंगम १९९२पासून बंद आहे. कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या गोळ्या लागत असतील तर आधी परवानगी काढा.

अरायव्हल कार्डाला पैसे मोजणं

व्हिसा वेगळा, एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा फॉर्म, वेगळं. हे कार्ड पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, आणि ते फुकट आहे. सर्चमध्ये वर दिसेल त्या साइटवर घाईघाईने क्रेडिट कार्डाचा नंबर टाकणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय.

खाणं

मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर थांबा. १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर ९ टक्के जीएसटी; ३० डॉलरची थाळी जवळपास ३६ला पडते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, ही भानगड नाही. तिथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते उचलून बसू नका. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी ती धरलेली जागा असते. जेवण झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

शाकाहारींनी "भाजी आहे ना?" एवढ्यावर विसंबू नये. लाक्सा या नूडल्सच्या रश्शात सुकट असते, साम्बाल या मिरचीच्या चटणीत कोळंबीचं वाटण, टोस्टवरच्या काया या नारळाच्या जॅममध्ये अंडं. हलाल पाटीचा शाकाहाराशी संबंध नाही. मी चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधते. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय. चारही दिवस लिटल इंडियात डोसे खाऊन परतणाऱ्यांनी मात्र माटुंग्याला जावं, स्वस्त पडेल.

चायनाटाउन दहा मिनिटांत

बस थांबते, कंदिलांखाली फोटो, चला. अरे, त्या साउथ ब्रिज रोडवर १८२७ साली स्थापन झालेलं श्री मारिअम्मन मंदिर आहे, शेजारी चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमानांची जामे मशीद, थोडं पुढे बुद्धाच्या दाताचं मंदिर. पगोडा स्ट्रीट हे नावसुद्धा मारिअम्मनच्या गोपुरावरून पडलंय. सकाळी जा, दुपारी मंदिर बंद असतं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

बाकी किरकोळ. मेट्रोत एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाला वेगळं कार्ड. बसमधून उतरतानाही टॅप करा, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतात. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही. सॉकेट चौकोनी तीन पिनांचं, अडॅप्टर इथूनच घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आणि विमानतळावरच्या ज्युएल मॉलमधला धबधबा "जाताना बघू" म्हणून ठेवला असेल तर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा. ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पासपोर्ट दाखवून आत गेलात की परत बाहेर येता येत नाही.